माघारीचा कागद

आमच्या धावडा परिसरात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की पहिला शब्द कानावर येतो तो ‘बिनविरोध’. ग्रामपंचायतीला पक्षाचे चिन्ह नसते, पॅनल असते. पण पॅनल कोणत्या पक्षाचे, हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक असते.

मागे एका निवडणुकीत आमच्या वस्तीतील एका भगिनीने राखीव जागेवर अर्ज भरला. पॅनलने आपल्या मर्जीतील दुसरी बाई उभी केली होती. भगिनीचा अर्ज आम्हीच लिहिला. कारकुनी करतो, कागद आम्हाला कळतात. छाननीत एकही चूक निघाली नाही. मग माघारीच्या आदल्या रात्री पुढारी वस्तीत आले. “गावात तंटा नको. विहाराला पत्रे देऊ, वस्तीला नळ देऊ.” आम्ही मान डोलावली. तिला कोणी विचारलेसुद्धा नाही. सकाळी भोकरदनला माघारीचा कागदही आम्हीच लिहिला. सही करून ती एवढेच म्हणाली, “भाऊ, पडले असते तरी चाललं असतं. मशीनवर नाव तरी आलं असतं.”

मतदान झालेच नाही. ‘नोटा’चे बटण दाबायलाही मिळाले नाही. पत्रे आले, नळ अजून यायचा आहे.

जानेवारी २०२१ मध्ये उमराणे (नाशिक) आणि खोंडामळी (नंदुरबार) येथे पदांचा लिलाव झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने तेथील निवडणूक रद्द केली. आम्ही ती बातमी वाचून हसलो, मग गप्प झालो. त्यांनी रुपये मोजले, आम्ही पत्रे मोजले.

ज्या मतासाठी बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, ते मत आम्ही एका रात्रीत देऊन टाकले. काँग्रेसचा जोर असताना बाबासाहेब १९५२ ला मुंबईत उभे राहिले, १९५४ ला भंडाऱ्यात उभे राहिले. दोन्हीकडे पराभव झाला, पण ते लढले.

जोर कायमचा नसतो. आमच्या जालना लोकसभेत १९९६ ते २०१९ अशा सलग सात निवडणुका भारतीय जनता पक्षाने जिंकल्या. २०२४ ला काँग्रेस आली. कोणता पक्ष चांगला, हा येथे प्रश्न नाही. दर वेळी मतदान झाले, म्हणून निकाल बदलू शकला.

बंधू-भगिनींनो, पुढच्या वेळी त्या भगिनीने मनावर घेतले तर तिचा अर्ज आम्हीच लिहू. माघारीच्या कागदाला मात्र हात लावणार नाही.