‘माणसाकडे पाहू नको’

एखाद्या पाळकाचं काही बाहेर आलं की आमच्या मंडळीतली वडीलधारी माणसं एकच वाक्य बोलतात. ‘माणसाकडे पाहू नको, प्रभूकडे पाहा.’ मी हे ऐकतच वाढलो. कुठे दानाच्या पैशांचा हिशेब लागत नसतो, कुठे मंडळीच्या जागेचा व्यवहार निघतो, कुठे त्याहून वाईट काही. चर्चा दर वेळी याच वाक्यापाशी संपते. फेब्रुवारी २०२१मध्ये आत्यानं ते मला फोनवर पुन्हा ऐकवलं. तेव्हापासून ते डोक्यातून गेलेलं नाही, कारण ते अर्धं खरं आहे.

तेव्हा विषय होता रवी झकरायस यांचा. १९४६ साली मद्रासमध्ये जन्म, वाढले दिल्लीत, तरुणपणी कॅनडाला गेले, पुढे अमेरिकेत स्थायिक झाले. १९८४मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाची संस्था काढली. श्रद्धेवर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांना विचारानं उत्तर देणं हे तिचं काम. विद्यापीठांमध्ये त्यांची व्याख्यानं व्हायची, मुलं माइकवर येऊन अवघड प्रश्न विचारायची आणि ते भारतीय वळणाच्या इंग्रजीत शांतपणे उत्तरं द्यायचे. हॉस्टेलच्या आमच्या मजल्यावर मी एकटाच ख्रिस्ती होतो. थर्ड इयरला माझ्या रूममेटचा धाकटा भाऊ अपघातात गेला. घरून परतल्यावर एका रात्री त्यानं विचारलं, ‘तुमचा देव प्रेमळ आहे ना? मग हे काय?’ त्या रात्री मी त्याच्याशी जे बोललो, त्यातलं बरंचसं झकरायस यांच्या व्याख्यानांतून आलेलं होतं.

मे २०२०मध्ये ते कॅन्सरनं गेले. अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स त्यांच्या स्मृतिसभेत बोलले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’ या मासिकानं मसाज करणाऱ्या स्त्रियांचे आरोप छापले. संस्थेनं एका लॉ फर्मकडे चौकशी सोपवली आणि तिचा अहवाल ११ फेब्रुवारी २०२१ला जाहीर झाला. झकरायस यांच्या फोनमध्ये दोनशेहून जास्त मसाज थेरपिस्टचे नंबर होते. एका स्त्रीनं तिच्यासोबत वर्षानुवर्षं जे घडलं त्याला बलात्कार म्हटलं. तिला संस्थेकडून आर्थिक मदत त्यांनीच मिळवून दिली होती. ते तिच्यासोबत प्रार्थनाही करत. आणि त्यांनी तिला बजावलं होतं की तू तोंड उघडलंस, माझं नाव खराब झालं, तर लाखो आत्म्यांचं तारण हुकेल आणि त्याला तू जबाबदार असशील.

माझ्यासमोर तेव्हा दोन प्रश्न होते. पहिला होता हॉस्टेलच्या त्या रात्रीचा. मित्राला दिलेलं उत्तर आता खोटं ठरलं का?

हा प्रश्न मंडळीच्या इतिहासात फार जुना आहे. इसवी सन ३०३मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियननं ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला, तेव्हा उत्तर आफ्रिकेतल्या काही धर्मगुरूंनी जीव वाचवण्यासाठी पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले. छळ संपल्यावर वाद पेटला, की अशा माणसांनी दिलेला बाप्तिस्मा आणि अशा हातांनी झालेले संस्कार खरे मानायचे का? डोनाटिस्ट म्हणाले, नाही. जवळपास शंभर वर्षांनी ऑगस्टीननं उलट बाजू मांडली. देणारा ख्रिस्त आहे, माणूस नाही. पाणी दगडी पाटातून वाफ्यात जातं, पाटात काही उगवत नाही, पण वाफा पिकतो.

शेतीच्या गावातून आलेल्या माणसाला हे चटकन पटतं. माझ्या मित्रापर्यंत त्या रात्री काही पोचलं असेल, तर ते पाटाच्या मालकीचं नव्हतं. इथपर्यंत आत्याचं वाक्य बरोबर आहे.

दुसरा प्रश्न माझा नव्हताच. पुण्यात मी मंडळीच्या युवक संघात रविवारी मुलांसोबत बसतो. तेव्हा सगळं ऑनलाइन चालू होतं. अहवाल आल्यानंतरच्या रविवारी मोठ्या मुलांची चर्चा रंगली. त्यांची पुस्तकं ठेवायची की टाकायची? त्यांचं शेवटी तारण झालं असेल का? दावीद राजाही पडलाच होता ना? अकरावीतली एक मुलगी बराच वेळ म्यूटवर होती. शेवटी तिनं विचारलं, ‘दादा, त्या बायकांचं पुढे काय झालं?’

स्क्रीनवरचे सगळे चौकोन गप्प झाले.

‘माणसाकडे पाहू नको’ या वाक्याचा उरलेला अर्धा भाग इथे उघडा पडतो. ज्याची श्रद्धा डळमळली आहे त्याला ते आधार देतं. पण जिच्यावर अत्याचार झाला, तिलाही तेच ऐकवलं तर तिनं काय समजायचं? माणसाकडे पाहू नको, म्हणजे त्यानं काय केलं ते बघू नको, बोलू नको, काम मोठं आहे. झकरायस यांनी तिला दिलेली धमकी आणि आपला हा प्रेमळ उपदेश तिच्या कानाला फारसे वेगळे लागणार नाहीत.

दावीदाची गोष्टही आपण सोयीपुरती सांगतो. दावीदानं बथशेबाला बोलावून घेतलं, तिच्या नवऱ्याला लढाईत मारवलं, आणि मग नाथान संदेष्टा थेट राजासमोर उभा राहिला. त्यानं गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली आणि ती हिसकावणारा माणूस तूच आहेस, असं तोंडावर सुनावलं. राजानं पाप कबूल केलं. झकरायस यांच्या बाबतीत मात्र २०१७मध्ये कॅनडातल्या एका स्त्रीनं तक्रार केली, तेव्हा त्यांनीच तिच्यावर आणि तिच्या नवऱ्यावर अमेरिकेत दावा लावला. प्रकरण गोपनीयतेच्या करारावर मिटलं आणि संस्था त्यांच्यामागे उभी राहिली. ती स्त्री खरं बोलत होती, हे संचालक मंडळानं २०२१मध्ये मान्य केलं. दावीद पुष्कळ होते, नाथानाची जागा रिकामी होती.

माझ्या कामात एक साधी शिस्त असते. सर्व्हरचा रूट ॲक्सेस असलेल्या माणसाच्या प्रत्येक कमांडचा लॉग राहतो. टीममधल्या सगळ्यात सीनियर माणसाचा कोडसुद्धा दुसरं कुणीतरी तपासतं. यात कुणाचा अपमान नसतो. ऑफिसमध्ये दर वर्षी लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याचं ट्रेनिंग होतं. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष स्त्री हवी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया हव्यात आणि एक सदस्य बाहेरचा हवा. बाहेरचा का, ते झकरायस प्रकरण वाचल्यावर नीट कळतं. आतल्या प्रत्येकाचं काहीतरी त्या मोठ्या नावात गुंतलेलं असतं, कुणाचा पगार, कुणाची श्रद्धा.

असं विचारणं म्हणजे विश्वास कमी असणं, असं आमच्याकडे काहींना वाटतं. त्यांना मी पंडिता रमाबाईंची आठवण करून देतो. १८८३मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्यांना वळण लावू पाहणाऱ्या धर्मभगिनींना त्यांनी पत्रांतून स्पष्ट कळवलं, की एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टानं उतरवलंय, आता दुसरं मानेवर घेणार नाही. याच बाईंनी पुढे केडगावच्या मुक्तीमध्ये दुष्काळातल्या शेकडो स्त्रिया-मुलींना आसरा दिला आणि मूळ भाषा शिकून बायबल मराठीत आणलं. सदसद्विवेक कुणाच्या हवाली न करताही त्यांची भक्ती आयुष्यभर टिकली.

मी अजूनही रविवारी उपासनेला जातो. सकाळी शास्त्र मराठीतून, मोठ्यानं वाचतो. आई वाचायची तसं. व्याख्यानं कमी ऐकतो. प्रार्थनेत त्या स्त्रियांना आठवतो, त्यांची नावं मला ठाऊक नाहीत तरी. आमचे पाळक साधे, भले गृहस्थ आहेत, आणि त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. म्हणूनच हे आत्ता विचारणं सोपं आहे. येत्या वार्षिक सभेसाठी मी पंचमंडळाला लेखी प्रश्न दिला आहे. पाळकांविरुद्ध एखाद्या मुलीची तक्रार आली, तर ती कोणाकडे जाईल? त्या माणसांत स्त्रिया किती असतील आणि मंडळीबाहेरचं कोण असेल?

अकरावीतली ती मुलगी आता नोकरीला लागली आहे. प्रश्नाखाली दुसरी सही तिची आहे.