अब्बांचा थकवा

अब्बांचा हात थरथरू लागला, त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून त्यांना बद्धकोष्ठता होती. मालवणात आम्ही ती वयावर ढकलली. ती पार्किन्सन्सची पहिली खूण असू शकते, हे फार उशिरा कळलं. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ सालीच रुग्णांच्या बद्धकोष्ठतेबद्दल लिहून ठेवलं होतं.

दुपारी अब्बा गळून जात. मी त्याला आळस म्हणायचो. तो आजाराचाच भाग होता.

आता माशाच्या जेवणाआधी अर्धा तास गोळी, कारण प्रथिनं तिला अडवतात. सकाळी चालणं, जोहरनंतर झोप, दिवसभर पाणी.

रमजानात डॉक्टरांनी रोजे नको म्हटलं, तेव्हा अब्बा रडले. म्हटलं, "अब्बा, आजाऱ्याला सवलत अल्लाहनेच दिलीय."

त्यांनी थरथरत पेला उचलला.