आवाज कुठला?

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो की पहिल्या दिवशी बाबांच्या येझ्दीवर एक फेरी मारायची, हा माझा शाळेपासूनचा नेम. आमचे गाव आदिलाबाद जिल्ह्यात, जैनथच्या बाजूला, पैनगंगेच्या अलीकडे. नदी ओलांडली की महाराष्ट्र. आमच्या घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि शेतात कापूस. गाडी मात्र कर्नाटकची! आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना हे सांगताना मला आनंद होतो की, आमची येझ्दी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार झाली. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. २०२२ पासून येझ्दी नावाच्या नव्या गाड्या पुन्हा निघू लागल्या आहेत. पण आमची जुनी, दोन सायलेन्सरांची, पेट्रोलबरोबर ऑईल पिणारी. जिने किक मारायची तीच दांडी फिरवून गिअर टाकायचा, हे पाहून नवखा माणूस चक्रावूनच जातो.

या खेपेला फेरी मारताना मागून आवाज येऊ लागला. सरळ रस्त्यावर बारीक खर्र-खर्र आणि खड्डा आला की एकच 'कट्'. घरी येऊन बाबांना विचारले, "बाबा, हा आवाज कधीपासून येतोय?"

"कायचा आवाज? इंजिन तर ठणठणीत हाये!" बाबा म्हणाले. याच गाडीवर आईला डबलसीट घेऊन ते महामार्गाने आदिलाबादच्या बाजाराला जातात. शेजारून मालट्रक धडधडत असतात. मला स्वस्थ बसवेना.

मागून आवाज येतो म्हणजे चेनच, असा निकाल मी देऊन टाकला. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला यंत्रातले काय कळणार, अशी शंका मला तरी आली नाही. शिकवण्यांचे साठवलेले अठराशे रुपये घेऊन शहरात गेलो आणि पूर्ण चेन सेट बदलून आणला. दोन दिवस गाडी गप्प होती आणि मी फुशारलो होतो. तिसऱ्या दिवशी खर्र-खर्र परत हजर!

तेव्हा कुठे मी बाबांना घेऊन त्यांच्या ओळखीच्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने गाडीला हातही लावला नाही. मलाच विचारले, "चप्पुडु एक्कडा?" म्हणजे, आवाज कुठला?

"मागून येतो, अन्ना."

"मागून हा काय पत्ता झाला? पाकिटावर नुसते 'आदिलाबाद' लिहिले तर पोस्टमन कुणाच्या घरी जाईल?"

मग त्याने मला कामाला लावले. आधी नाल्याच्या उतारावर इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये गाडी सोडायला सांगितली. आवाज चालूच. म्हणजे इंजिन सुटले. मग गाडी डबल स्टँडवर चढवून मागचे चाक हाताने फिरवले. आवाज नाही. मला सीटवर बसवून गाडी ढकलली, तर खर्र-खर्र सुरू. म्हणजे वजन पडल्यावरच काहीतरी बिघडत होते. येझ्दीची चेन बंद पेटीत असते, त्यामुळे बाहेरून काही दिसत नाही. त्याने कव्हर उतरवले. आत एकाच बाजूला घासून चकचकीत झालेली रेघ होती. मागच्या दातेरी चक्रावर चेन बोटांनी ओढून पाहिली. झिजलेली चेन अशी ओढली की दातांवरून उचलली जाते. ही हलली नाही. माझी नवी चेन निर्दोष सुटली.

शेवटी त्याने मागच्या चाकाची रिम धरून आडवी हलवली. चाक किंचित डुलले. "बेअरिंग गेले!" मी घाईने म्हणालो. त्याने माझा हात चिमट्यावर ठेवला आणि पुन्हा चाक हलवले. चाकाबरोबर सबंध चिमटाच हलत होता.

ज्यांनी गाडी कधी खोललेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागचे चाक लोखंडाच्या ज्या दोन बाहूंमध्ये बसते, त्यांना गॅरेजात चिमटा म्हणतात. इंजिनच्या मागे एका आडव्या पिनवर तो खालीवर हलतो. पिनभोवती बुश असतात. ते झिजले की चिमटा बाजूलाही झुकतो. चाक तिरपे होते आणि चेन वाकडी धावून पेटीला घासते. खड्ड्यात जो 'कट्' होतो तो पिनचा. आवाज जाईल न जाईल, पण वळणावर गाडीचे मागचे अंग हेलकावते, ते भय मोठे.

आम्हाला हिशेबशास्त्रात शिकवतात की, तेरीज जुळली म्हणजे वह्या बरोबर आहेत असे समजू नये; एक चूक दुसरीला झाकते. नव्या चेनने दोन दिवस माझी तेरीज जुळवून दिली होती. चूक तशीच होती.

पिन गंजून बसली होती. ती काढायला सबंध दुपार गेली. लेथवर गनमेटलचे नवे बुश करून घेतले. खर्च साडेचारशे. जुन्या बुशांत ग्रीसचा थेंब नव्हता. मिस्त्री बाबांकडे पाहून म्हणाला, "तू तर दर दसऱ्याला ग्रीस भरायचास. जरा करकरले की धावत यायचास. आता काय झाले?"

बाबा म्हणाले, "आता करकरतच नाही ना ती."

आम्ही दोघेही गप्प झालो. बाबांनी बावीस वर्षे जिनिंगमध्ये काम केले. सरकी-रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांजवळ उभे राहिल्यावर शेजारच्याशीही ओरडून बोलावे लागते. अशा आवाजाने कान जातात तेव्हा आधी उंच, बारीक स्वर जातात; जाड स्वर पुष्कळ दिवस शाबूत राहतात. म्हणून बाबांना इंजिनची धडधड ऐकू येत होती आणि चेनची खर्र-खर्र नाही. हाक मारली तर ते ओ देत, पण शब्द दुसराच धरत. आम्ही घरात त्यावर हसत होतो. आवाज कुठला, हे शोधायला मी अठराशे रुपये घातले. तो कुणाला ऐकू येत नाही, हे मात्र फुकट समोर असून दिसले नाही.

त्याच आठवड्यात बाबांचे कान तपासून आणले. गेलेले परत येत नाही, यंत्र लावता येईल, असे डॉक्टर म्हणाले. बाबा अजून "पाहू" म्हणतात.

पण जुने बुश काढण्यापूर्वी मिस्त्रीने एक गोष्ट केली होती. बाबांचा तळवा चिमट्यावर ठेवून त्याने चाक हलवले होते. बाबांचे डोळे एकदम मोठे झाले. "हां! हे होय?" ते म्हणाले.

आता आई फोनवर सांगते की, निघण्यापूर्वी बाबा रोज गाडी स्टँडवर चढवतात, एक हात चिमट्यावर ठेवतात आणि दुसऱ्याने मागचे चाक धरून हलवून पाहतात. मग आईला म्हणतात, "बस."