फुटपट्टीवरचा पंजा

मिरज, रविवार

प्रिय सायली,


तुझं पत्र आणि फुटपट्टीशेजारी पंजा ठेवून काढलेला फोटो मिळाला. फोटोखाली लिहिलंयस, ‘आत्या, हे हात गिटारचे नाहीतच. विकून टाकते.’ वाचून आधी राग आला, मग पोटात तुटलं. करंगळी मोजलीस, गिटार कुणी मोजली? क्लासच्या सरांनी ‘बोटं आखूड’ म्हटलं आणि तू मान डोलावलीस. हार्मोनियमच्या वेळी तरी दुसरं काय केलं होतंस!

एफ कॉर्डचं रडगाणं समजलं. पण बाई, पहिल्याच फ्रेटवर एका बोटानं सहाही तारा दाबायच्या म्हणजे चेष्टा नाही. त्यात नटाच्या खाचा उथळ राहिल्या असतील, तर तारा उंच बसतात आणि दणकट हाताच्या माणसालाही घाम फुटतो. दुरुस्तीवाल्याकडून खाचा बघून घे, तारा बारीक गेजच्या लाव. सुरुवातीला पाचव्या फ्रेटवर कॅपो लावून वाजव. साधारण 650 मिलिमीटरची तार तिथून 487 उरते आणि साडेछत्तीस मिलिमीटरच्या पहिल्या घराऐवजी सत्तावीसचं घर बोटाखाली येतं. एवढ्यानं निम्मं रडणं थांबेल. अंगठा वरून डोकावतोय तो नेकच्या मागे ने. गिटार डाव्या मांडीवर घेऊन बघ, क्लासिकलवाले घेतात तशी. मनगट कमी मुडपतं.

वाद्यानं हाताला बसायचं असतं, हे मी कितीदा सांगू? आमच्या मिरजेत तंबोरे करणारे पुरुषांसाठी मोठा आणि बायकांसाठी लहान तंबोरा वेगळा करतात. ‘तुझा गळा तंबोऱ्याचा नाही’ असं कुठल्या गाणारणीला कुणी ऐकवत नाही. बाकी जगात मात्र कुणा अनोळखी पुरुषाचं माप घेऊन सगळं बेतलेलं! एसटीतली वरची दांडी, बँकेचं काउंटर, स्वयंपाकघरातली वरची फळी. डावखुऱ्या पोरांच्या हातात उजव्यांची कात्री. आणि हात पोचला नाही की आपण आपल्याच हाताला नावं ठेवायची. (मी या विषयावर आले की तुझे आतोबा उठून जातात. आत्ताही गेले.)

गिटारवादक जँगो राइनहार्टचं तुला माहीत असायला हवं. 1928 मध्ये त्याच्या गाडीघराला आग लागली आणि डाव्या हाताची अनामिका नि करंगळी कायमची अधू झाली. त्यानं बोटांच्या जागाच नव्यानं बसवल्या आणि सोलो दोन बोटांवर पेलले. 1934 मध्ये ग्रापेलीच्या व्हायोलिनबरोबर पॅरिसमध्ये त्यांचं पंचक उभं राहिलं. पुढे बर्मिंगहॅमच्या कारखान्यात टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. पोरगा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच! कारखान्यातल्या वरिष्ठांनी त्याला जँगोची रेकॉर्ड ऐकवली. मग त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या आणि ब्लॅक सबाथ या बँडमध्ये पुढे सूरही उतरवले. आपल्या ब्रिजभूषण काबरांनी तर गिटार मांडीवर आडवी घेऊन तारेवर पट्टी सरकवत राग वाजवले. फुटपट्टी यातल्या कुणी काढली नाही.

पण हे वाचून दात-ओठ खात रियाजाला बसशील, म्हणून आता भीती वाटतेय. पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंयस, ‘रात्री बोटांना मुंग्या येतात.’ टोकं हुळहुळणं, घट्टे पडणं चालायचंच. मुंग्या, बधिरपणा, मनगटातली कळ हे त्यातलं नव्हे. नस दबत असेल. दिवसभर लॅपटॉप आणि रात्री एफ! कॅपो-बिपो सगळं नंतर; सध्या वाजवणं बंद ठेव आणि डॉक्टरांना दाखव. आईला सांगितलंयस का? नसणारच. मुंग्या अंगठ्याकडच्या बोटांना येतात की करंगळीकडच्या, तेवढं आजच कळव. डॉक्टरही आधी तेच विचारतील. उद्यापर्यंत उत्तर आलं नाही, तर मी तुझ्या बाबाला फोन करणार.

तुझी,
आत्या