समुद्राची राखण

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे एखादा शब्द इकडून तिकडे नेताना कुठे अडतो, हे मला लगेच कळतं. 'अभयारण्य' हा असाच एक शब्द. उर्दूत 'पनाहगाह' म्हटलं की काम भागतं. पण मराठी शब्दाची फोड करून सांगितली की पोरं खूश होतात: अभय अधिक अरण्य, जिथे कुणाला कुणाचं भय नाही असं रान. मग 'सागरी अभयारण्य' म्हणजे पाण्यात रान कुठून आलं, हा प्रश्न ठरलेला. त्याचं उत्तर देता येतं. अवघड प्रश्न वेगळाच आहे. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं मच्छीमारांच्या घरची, दालदी मुसलमान. त्यांच्या घरी हा शब्द निघाला की पहिल्यांदा भयच निघतं. "आता जाळं टाकू देणार नाहीत," एवढाच त्याचा अर्थ.

हे भय हवेतून आलेलं नाही. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा सुमारे 29 चौरस किलोमीटरचा समुद्र, त्यात प्रवाळ, समुद्री शेवाळं, खडकांतले मासे. जागा निवडण्यात काहीच चूक नव्हती. पण ज्यांची रापण पिढ्यानपिढ्या त्याच पाण्यात पडत होती, त्यांना ही गोष्ट आपल्यावर वरून टाकल्यासारखी वाटली. विरोध झाला, तो वर्षानुवर्षं चालला, आणि अभयारण्य बरंचसं कागदावरच राहिलं. आजही तिथे पर्यटक गळ्यात नळी अडकवून प्रवाळ बघायला उतरतात. आपण अभयारण्यात उतरलोय हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल, देव जाणे.

याच्या अगदी उलट गोष्ट वेळासची. मंडणगड तालुक्यातलं हे छोटं गाव, नाना फडणवीसांचं म्हणून इतिहासाच्या पुस्तकात येणारं. इथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची कासवं रात्री येऊन अंडी घालतात. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी. पूर्वी ही अंडी माणसं काढून न्यायची, उरलीसुरली कुत्रे आणि कोल्हे उकरायचे. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेनं, म्हणजे भाऊ काटदरे आणि त्यांच्या सोबत्यांनी, 2002 च्या सुमारास इथे काम सुरू केलं. त्यांनी एक गोष्ट केली जी मला आजही सगळ्यात शहाणपणाची वाटते: राखणीचं काम गावातल्याच माणसांना दिलं. ज्याला घरटं शोधता येतं, त्यालाच ते राखायला सांगितलं. भल्या पहाटे किनारा चालायचा, कासवाचा माग ओळखायचा, अंडी अलगद काढून कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची आणि पन्नासेक दिवस वाट बघायची.

2006 पासून तिथे कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे आले, राहायला घरं लागली, जेवणावळी लागल्या. ज्या घराला कासवाच्या अंड्यांतून चार पैसे मिळायचे, त्याच घराला आता पिल्लं बघायला येणाऱ्यांकडून जास्त मिळू लागले. याला कुणी स्वार्थ म्हणेल. म्हणू दे. ज्या राखणीत राखणाऱ्याचं पोट भरत नाही, ती टिकत नाही.

मी दोनदा मुलांना घेऊन वेळासला गेलोय. टोपली उलटी करतात, आणि तळहाताएवढीही नसलेली पिल्लं पाण्याच्या दिशेनं निघतात. वर्गात दोन मिनिटं गप्प न बसणारी आमची मुलं दोरीच्या मागे चिडीचूप उभी होती. परतताना एकानं विचारलं, "सर, ही परत येणार का?" याचं उत्तर आता थोडंफार मिळायला लागलंय. 2022 च्या जानेवारीत वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं आणि तिचं नाव 'प्रथमा' ठेवलं. त्या हंगामात कोकणात अशा पाच माद्या सोडल्या गेल्या. पण मला जास्त थक्क केलं ते 2025 च्या बातमीनं. गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर बिल्ला सापडला, तो तिला 2021 मध्ये ओडिशात लावलेला होता. पूर्व किनाऱ्यावरची कासवं वेगळी आणि आपली वेगळी, असं आपण धरून चाललो होतो. तिनं ते मानलेलं दिसत नाही.

कांदळवनांचंही असंच बरं चाललंय. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवनं तोडायला आणि त्यांत भराव टाकायला मनाई केली, 2012 मध्ये राज्यानं स्वतंत्र कांदळवन कक्ष उभा केला. वनसर्वेक्षणाच्या अहवालांत महाराष्ट्राचं कांदळवन 2015 साली 222 चौरस किलोमीटर होतं, 2021 साली 324. यातली काही वाढ मोजणी सुधारल्याची असेल, पण सगळी नाही. ठाण्याची खाडी 2015 मध्ये रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झाली आणि 2022 मध्ये रामसर यादीत गेली. मुंबईच्या सांडपाण्याला टेकून असलेल्या खाडीला हा मान मिळावा, हे जरा गमतीचंच आहे.

जमिनीवरच्या रानाचं उदाहरण हवं तर फणसाड घ्या. मुरूड, रोहा, अलिबाग या तीन तालुक्यांत पसरलेलं हे जंगल एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. तिथले पाणवठे आजही 'गाण' म्हणून ओळखले जातात, आणि शेकरू दिसायची शक्यता बरीच. संस्थान गेलं, 1986 मध्ये रानाचं अभयारण्य झालं. आमच्यातले काही जण अभिमानानं सांगतात की बघा, नवाबानं जंगल राखलं म्हणून ते उरलं. उरलं हे खरंच. पण नवाबाचं रान राखलं गेलं ते त्याच्या शिकारीसाठी, दुसऱ्यांना बाहेर ठेवून. ती तऱ्हा आज चालणार नाही, आणि समुद्रात तर मुळीच नाही. तिथे कुंपण घालता येत नाही.

समुद्राचं दुखणं आता जास्त करून जाळ्यांचं आहे, आणि इथे आपल्या समाजानं थोडं आरशात बघायला हवं. 2016 मध्ये राज्यानं पर्ससीन जाळ्यांवर कडक बंधनं घातली, 2017 मध्ये केंद्रानं एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली, 2021 मध्ये मासेमारीचा कायदा सुधारून दंड लाखांच्या घरात नेला. तरी रात्री किनाऱ्यावरून दूरवर उजेडाचे ठिपके दिसतातच. रत्नागिरीच्या बंदरात पर्ससीनचे मालक मुसलमान आहेत, तसे छोट्या होडीवर हातानं जाळं ओढणारेही मुसलमान आहेत. एकाच मशिदीत, एकाच सफेत उभे राहतात. म्हणून 'मच्छीमारांवर अन्याय' असं कुणी सरसकट म्हणालं की मी विचारतो, कुठल्या मच्छीमारांवर? कारण बांगड्याचा अख्खा थवा एका फेऱ्यात उचलला जातो तेव्हा पहिला फटका त्या छोट्या होडीलाच बसतो. जून-जुलैची बंदी तोही पाळतो, त्या दोन महिन्यांत उधारीवर जगतो, आणि नारळी पौर्णिमेनंतर निघाला की समुद्र आधीच झाडून नेलेला.

अशा वेळी मला आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं मिसाली बेट आठवतं. झांझिबारच्या पेंबा बेटाजवळचं हे इवलंसं बेट. त्याच्या नावाची गोष्ट उर्दूवाल्याला ऐकताक्षणी कळते. हजरत खिज्र तिथे आले, मच्छीमारांकडे नमाजासाठी मुसल्ला मागितला, कुणाकडे नव्हता. तेव्हा ते म्हणाले, हे बेटच काबाकडे तोंड करून आहे, हाच माझा मुसल्ला. दर्यावर्दींचे खिज्र इथे कोकणातही परके नाहीत. 1998 मध्ये हे बेट संरक्षित झालं. तिथल्या प्रवाळात सुरुंग उडवून मासे मारणारे होते. नियम आणि दंड असूनही ते थांबेनात. तेव्हा फझलुन खालिद यांच्या संस्थेनं तिथल्या मच्छीमारांशी आणि मशिदींतल्या इमामांशी बोलणं सुरू केलं. मदिनेभोवतीचा पट्टा हरम ठरवून तिथलं झाड तोडायला आणि शिकार करायला मनाई केली होती, चराईच्या जमिनी 'हिमा' म्हणून राखल्या जात होत्या, हे त्यांच्यापुढे ठेवलं. बाहेरून आलेला नियम म्हणून जे पटत नव्हतं, ते आपल्याच घरातली गोष्ट म्हणून अनेकांना पटलं. सगळा प्रश्न सुटला असं नाही. पोटाचा प्रश्न वाजानं सुटत नसतो. पण बोलणं कुणाच्या भाषेत होतं, यानं फरक पडतो एवढं नक्की.

आपल्याकडे जुम्म्याच्या बयानात समुद्र कधी येतो? आमच्या वस्तीत तरी मी अजून ऐकलेला नाही.

पोटाच्या बाजूनं मात्र एक चांगली गोष्ट सरकारनं केलीय, आणि ती आपल्या वस्त्यांत फारशी पोचलेली नाही. डिसेंबर 2018 पासूनची योजना आहे: जाळ्यात कासव, व्हेल शार्क, डॉल्फिन असा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमारानं जाळं कापून त्याला जिवंत सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी जास्तीत जास्त 25,000 रुपये मिळतात. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ आणि सोबत अर्ज. व्हिडिओ आता प्रत्येक तांडेलाच्या फोनवर असतो. अडतं ते अर्जापाशी.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या चाचांनी दोन हंगामांपूर्वी कासव सोडलं. व्हिडिओत चाचा सुरीनं दोरा कापताहेत, मागून कुणीतरी "आस्ते, आस्ते" म्हणतंय, आणि कासव पाण्यात गेल्यावर सगळे हसताहेत. अर्ज मात्र केलाच नव्हता. का, तर सरकारी मराठी लिहायची कशी, आणि अर्जात लिहिलेलं उद्या आपल्यावरच उलटलं तर? मी त्यांच्यासोबत बसलो. होडीचा नोंदणी क्रमांक, तारीख, वेळ, कुठल्या गावासमोर, जाळं कुठलं, किती फाटलं. अर्धा तास लागला. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर तीन फेऱ्या झाल्या, शेवटी कागद स्वीकारला गेला. मागितल्यापेक्षा कमी, पण पैसे आले.

आता नववीच्या पत्रलेखनात मी 'पाणीपुरवठा अनियमित असल्याबद्दल तक्रार' सोडून हाच अर्ज घेतो. प्रति, विषय, महोदय, सगळं रीतसर. मुली जास्त नीटनेटका लिहितात. गेल्या महिन्यात एकीनं वही न देता कागदच मागून घेतला. घरी अब्बांना लागणार आहे, म्हणाली.