बंदर आले, पण उतरायचे का?

आमच्या घरातले सगळे मोठे निर्णय जेवणाच्या टेबलाशी होतात. डोंबिवलीतली जागा घेण्याचा तिथेच झाला, जुनी गाडी विकण्याचा तिथेच झाला. गेल्या वर्षी मे महिन्यात अशीच एक बैठक भूमध्य समुद्रात, बोटीच्या अकराव्या मजल्यावरच्या भोजनगृहात भरली. विषयपत्रिकेवर एकच विषय होता: उद्या सकाळी ट्युनिसच्या बंदराला बोट लागेल, तेव्हा खाली उतरायचे की नाही?

सभासद चार. मी, आमची सौ., बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली आमची कन्यका आणि माझी आई. आई बहात्तर वर्षांची आहे, आणि खरे पाहता या सहलीची यजमानीण तीच. तिच्या मुदतठेवीची मुदत पुरी झाली तेव्हा आम्ही तिला गुडघ्याच्या शस्त्रक्रियेबद्दल सुचवत होतो. ती म्हणाली, "गुडघे कुठे पळून जात नाहीत. मला एकदा बोटीने लांब जायचे आहे." तिचे लहानपण विजयदुर्गाजवळ गेले. भाऊच्या धक्क्यावरून कोकणची बोट पकडायची, बोट बंदराबाहेर खोल पाण्यात उभी राहायची, आणि डुलत्या बोटीवरून डुलत्या पडावात उतरून किनारा गाठायचा. हे सगळे तिने परकर-पोलक्यात केलेले. त्यामुळे 'बंदरात उतरणे' या विषयावर आमच्या घरात अधिकारवाणीने बोलू शकणारी ती एकटीच होती. पण त्या रात्री आम्ही तिला शेवटी विचारले, हे आता आठवून थोडे ओशाळल्यासारखे होते.

वादाला कारण झाला तो खोलीत आलेला सहलीचा कागद. 'कार्थेज, सिदी बू सईद आणि बार्दो वस्तुसंग्रहालय. निघणे सकाळी साडेआठ, परत दुपारी अडीच.' बार्दो हे नाव सौ.ने वाचले आणि काटा खाली ठेवला.

"अहो, इथेच ना ते झाले होते?"

झाले होते खरे. १८ मार्च २०१५ रोजी बंदुकधारी अतिरेकी या वस्तुसंग्रहालयात शिरले आणि त्यांनी वीसहून अधिक माणसे मारली. मेलेल्यांत बहुतेक परदेशी प्रवासी होते, आणि त्यांतले पुष्कळसे आमच्यासारखेच त्या सकाळी बोटीवरून उतरून, बसमध्ये बसून तिथे आलेले. एक स्पॅनिश जोडपे, बाई गरोदर, संग्रहालयातल्या एका ट्युनिशियन कर्मचाऱ्याच्या मदतीने रात्रभर तिथेच लपून राहिले आणि दुसऱ्या दिवशी सुखरूप बाहेर आले. त्याच वर्षी जूनच्या २६ तारखेला सूस गावाच्या समुद्रकिनाऱ्यावर आणखी ३८ जणांचे प्राण गेले. मोठ्या बोटींनी ट्युनिसचे बंदरच वगळले. त्या पुन्हा येऊ लागल्या त्या हळूहळू, काही वर्षांनी.

सौ.चे म्हणणे सरळ होते. "बोटीवर पोहण्याचा तलाव आहे, वाचनालय आहे, चहा मिळतो. एक दिवस नाही उतरलो तर काय बिघडणार आहे? पोरीला घेऊन विषाची परीक्षा कशाला?"

माझी बाजू मात्र सरळ नव्हती. मी पंचवीस वर्षे वर्गात साहित्य शिकवतो. ग्रीक महाकाव्यातला तो प्रसंग मी कितीदा तरी रंगवून सांगितला आहे: जलकन्यांचे गाणे ऐकणारा खलाशी खडकांवर आदळून मरतो, म्हणून युलिसिस सोबत्यांच्या कानांत मेण घालतो आणि स्वतःला डोलकाठीला बांधून घेऊन ते गाणे ऐकतो. या प्रसंगाचे तिसऱ्या शतकातले एक रोमन कुट्टिमचित्र, रंगीत दगडांचे तुकडे बसवून केलेले, बार्दोत आहे. पुस्तकात त्याचा अंगठ्याएवढा फोटो पाहिलेला. ते प्रत्यक्ष पाहायची हाव मला होती, आणि माझी हाव कोणती नि घरच्यांबद्दलची जबाबदारी कोणती हे त्या रात्री मला नीट वेगळे करता येईना. भित्रा ठरू नये म्हणून हट्ट करणारे पुरुष आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. मी त्यांतलाच एक तर नव्हतो?

मग मी एक हिशेब मांडायला घेतला. बोटीवरून किनाऱ्यावर उतरलेली माणसे आजवर कशाकशाने मेली? ९ डिसेंबर २०१९ रोजी न्यूझीलंडमधल्या व्हाकारी या ज्वालामुखी बेटावर ४७ माणसे होती. पुष्कळशी एका मोठ्या प्रवासी बोटीवरून आलेली. स्फोट झाला आणि २२ जण दगावले. त्या ज्वालामुखीची धोक्याची पातळी आदल्याच महिन्यात वाढवलेली होती. सहली मात्र चालूच राहिल्या. १९ डिसेंबर २०१७ रोजी मेक्सिकोत माया लोकांचे अवशेष पाहायला निघालेली बोटीच्या प्रवाशांची बस रस्त्यावर उलटली. १२ जण गेले. अलास्कात केचिकान बंदराजवळ हिमदऱ्या दाखवणारी छोटी विमाने २०१५ आणि २०१९ मध्ये कोसळली.

या हिशेबातून दोन गोष्टी निघाल्या. एक, बंदुकीची भीती मनात मोठी असते, पण बस, वाकडा रस्ता, ऊन आणि पायऱ्या यांची कोणी बैठक भरवत नाही. दुसरी, सहल विकणारा हा सहलीच्या धोक्याचा न्यायाधीश होऊ शकत नाही. आंबेवाल्याला आंबा गोड आहे का विचारण्यासारखेच ते! म्हणून मी तिऱ्हाइताचे मत पाहिले. निरनिराळी सरकारे आपल्या नागरिकांना प्रवासाच्या सूचना देतात. त्यांत ट्युनिशियाच्या लिबियालगतच्या सीमाभागाबद्दल आणि पश्चिमेकडच्या चांबी डोंगराबद्दल कडक इशारे होते. राजधानीबद्दल 'सावध राहा' एवढेच होते. 'जाऊ नका' आणि 'जपून जा' यांतला फरक भीतीला कळत नाही. तो डोळे उघडे ठेवून वाचावा लागतो.

हे सगळे मी टेबलाशी मांडले. सौ. म्हणाली, "आकडे ठीक आहेत. पण आपली एकच मुलगी आहे, ती आकड्यात कशी बसवू?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तेव्हा आई बोलली. ती जीपीओत नोकरीला होती. डोंबिवली ते व्हीटी हा तिचा रोजचा रस्ता.

"२००८ च्या नोव्हेंबरात व्हीटीला गोळीबार झाला, तेव्हा तू मला काय म्हणाला होतास?"

मी गप्प. मी तिला म्हणालो होतो, आई, राजीनामा दे.

"सोमवारी मी कामावर हजर होते. फलाटावरून चालताना पाय लटपटत होते, खोटे कशाला सांगू? मुंबईत त्या वेळी १६६ माणसे गेली. उद्या कोणी परदेशी बाई आपल्या टेबलाशी बसून म्हणाली, मुंबईला बोट लागली तरी मी उतरणार नाही, तिथे माणसे मारतात, तर तुला कसे वाटेल?" मग सौ.कडे वळून म्हणाली, "सूनबाई, तुझे खोटे नाही. भीती वाटते तर उतरू नये असे नाही, आणि वाटत नाही तर उतरावे असेही नाही. आमचा पडाववाला सांगायचा, लाट वर आली की पाय टाका. आधीही नाही, मागूनही नाही."

ठराव संमत झाला, पण सौ.च्या उपसूचनांसह. त्या इथे देतो. एखाद्या वाचकाच्या उपयोगी पडतील. एक, आपले आपण भटकायचे नाही. बोटीच्याच सहलीने जायचे. ती महाग पडते, पण बस अडकली तर बोट आपल्या सहलीच्या प्रवाशांसाठी थांबते. स्वतःच्या भरवशावर गेलेल्यांसाठी थांबेलच असे नाही. दोन, घड्याळे बोटीच्या वेळेवर. तीन, प्रत्येकाच्या खिशात बोटीचे कार्ड, पासपोर्टची छायाप्रत आणि बंदरातल्या बोटीच्या एजंटाचा दूरध्वनी. चार, चुकामूक झाली तर कुठे भेटायचे ते प्रत्येक ठिकाणी उतरताच ठरवायचे. पाच, प्रवासाचा विमा बरोबर. घरचा मेडिक्लेम परदेशात बहुधा चालत नाही. व्हिसाचे काम मुंबईतच झाले होते. ट्युनिस शेंगेनच्या बाहेर, म्हणून पुढच्या युरोपीय बंदरासाठी बहुप्रवेशाचा शेंगेन व्हिसा लागतो, हे मात्र अनेकांना ऐन वेळी आठवते.

सकाळी ला गुलेतच्या धक्क्याला बोट लागली. तिथून ट्युनिस शहर दहाएक किलोमीटर. उथळ तलावातून गेलेल्या बांधावरून एक लोकलगाडी धावते. ट्युनिस ते ला गुलेत ही रेल्वे मुळात १८७२ सालची. आई खिडकीतून ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली. "दाराशी लोंबकळतात इथेही," म्हणाली. तिच्या आवाजात माहेर भेटल्याचा आनंद होता.

बार्दो हा जुन्या बेंचा राजवाडा. त्यात १८८८ पासून संग्रहालय आहे, आणि त्याच आवारात संसद. २०२१ च्या जुलैत संसदेला कुलूप लागले तेव्हा संग्रहालयही बंद झाले. ते २०२३ च्या सप्टेंबरात पुन्हा उघडले. दाराशी पिशव्या तपासल्या गेल्या. आत मारल्या गेलेल्यांचे स्मारक आहे. आमची सगळी बस तिथे आपोआप गप्प झाली. कन्यकेने नावे वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबून माझा हात धरला. सतरा वर्षांच्या मुलीने बापाचा हात धरणे ही गोष्ट किती दुर्मिळ आहे, हे मुलींच्या बापांना सांगायला नको.

मग ते चित्र. दुग्गा या प्राचीन नगरातून आणलेले. युलिसिस डोलकाठीला बांधलेला, हात मागे, नजर बाजूला. सोबती दुसरीकडे तोंड करून बसलेले. खडकावर पक्ष्यांच्या पायांच्या जलकन्या, एकीच्या हाती बासरी, एकीच्या हाती वीणेसारखे वाद्य. इतकी वर्षे मी वर्गात सांगत आलो होतो की ही मोहाची गोष्ट आहे. तिथे उभा असताना वाटले, ही दोराची गोष्ट आहे. गाणे ऐकायचेच, पण दोर कोणाच्या हातात द्यायचा आणि गाठ किती घट्ट बांधायची हे गाणे सुरू होण्याआधी ठरवायचे. आमचा दोर सौ.ने आदल्या रात्री वळून ठेवला होता. मी तिला तसे सांगितले. ती म्हणाली, "मग मी कानात मेण घालणाऱ्यांतली की काय?" पण हसली.

कार्थेजला समुद्राकाठी रोमनांच्या स्नानगृहांचे अवशेष पाहिले. इ. स. पू. १४६ मध्ये रोमनांनी हे नगर बेचिराख केले, आणि पुढे आपलेच दुसरे नगर तिथे उभे केले. मग टेकडीवरचे सिदी बू सईद: पांढऱ्या भिंती, निळी दारे, आणि खाली तसाच निळा समुद्र. आमच्या मनातली भीती एव्हाना पार उतरली होती, आणि घात तिथेच झाला.

गुळगुळीत झालेल्या दगडी उतारावर आईचा पाय घसरला. डुलत्या पडावात कधी न पडलेली माझी आई भर जमिनीवर, लख्ख उन्हात खाली बसली. घोटा बघता बघता सुजला. मी गोंधळून नुसता उभा. समोर तळलेल्या गोड वड्यांचे दुकान होते. तिथला पोरगा खुर्ची घेऊन धावला, दुसऱ्याने फडक्यात बर्फ आणला, एक म्हातारा फ्रेंचमध्ये कोणाला तरी हाका मारू लागला. कानाला मोगऱ्यासारख्या फुलांची जुडी लावलेला एक माणूस ती फुले विकत होता. त्याने एक जुडी आईच्या हातात ठेवली. मी पैसे काढले तर त्याने छातीवर हात ठेवून मान हलवली. इकडे ती पुरुषांनी कानावर ठेवायची. आईने ती सरळ अंबाड्यात खोवली. तो माणूस मनापासून हसला.

वाटाड्याने बस वरपर्यंत आणवली. या सगळ्यात पाऊण तास गेला, आणि परतीच्या वाटेवर वाहतुकीने आणखी अर्धा. बोटीवर सर्वांनी चढण्याची वेळ टळून गेली होती. वाटाडा दूरध्वनीवर बोलत होता. बोट थांबलेली होती. शिडीशी पोहोचलो तेव्हा सौ.ने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत उपसूचना क्रमांक एकची पावती होती. हाड मोडले नव्हते. बोटीवरच्या डॉक्टरांचे बिल पाहून मात्र माझेच हाड मोडायची वेळ आली. विम्याने ते नंतर भरून दिले.

धोका होता, हे खरेच. पण ज्या दारावर आम्ही पहारा ठेवला होता त्या दारातून तो आला नाही. तो आला चपलेखालून. म्हणून पहारा व्यर्थ होता असे मी म्हणणार नाही. बोट थांबली ती त्या पहाऱ्यामुळेच. आणि पुढच्या वेळी सूचनांत 'आईला चांगले बूट' हा मुद्दा सहावा असेल.

घरी आल्यावर शेजारच्या काकू आईची विचारपूस करायला आल्या. ट्युनिसचे नाव ऐकून म्हणाल्या, "बाई, तिथे उतरायला भीती नाही का वाटली?"

पाय उशीवर ठेवून बसलेली आई म्हणाली, "वाटली की! पण ती काही बोटीवर ठेवून जाता येईना. मग म्हटले, चल बाई, तूही आमच्याबरोबर."