महाराजपूरची पहाट

वाचकहो, जबलपूरला जाणारा प्रवासी बहुधा भेडाघाटचे संगमरवरी कडे, धुवांधार धबधबा आणि मदनमहालाचा किल्ला पाहून परततो. महाराजपूर पाहावयास कोणी जात नाही. आणि खरे सांगावयाचे तर प्रवाशाने मुद्दाम वाट वाकडी करून पाहावे असे तेथे काही नाहीही. शहराच्या उत्तरेस, कटनीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, आधारताल मागे पडले की ही वस्ती लागते. माझी थोरली बहीण लग्न होऊन तेथे गेली, म्हणून तिच्याशी माझी ओळख. गेल्या नाताळच्या सुटीत पत्नी व मुलीसह तेथे दहा दिवस राहिलो, त्या मुक्कामाची ही हकिकत.

मी भाषांतराचे व संपादनाचे बैठे काम करणारा पस्तिशीतला गृहस्थ. कंबर धरू लागली म्हणून धावावयास आरंभ केला, आणि पुढे हौस इतकी वाढली की जानेवारीत मुंबईला होणाऱ्या मॅरेथॉनसाठी नाव नोंदविले. २००४ सालापासून भरणारी ही शर्यत ४२.१९५ किलोमीटरची असते. एवढा पल्ला गाठावयाचा तर चार-पाच महिन्यांची तयारी लागते. आठवड्यातून चार दिवस पहाटे धावावयाचे, आणि एक दिवस पल्ला हळूहळू वाढवीत तीस किलोमीटरांपर्यंत न्यावयाचा. कारण साधारण तेवढ्या अंतराला स्नायूंत साठलेली साखर सरत येते, आणि पुढचे अंतर कसे कापावयाचे हे शरीराला आधी शिकवावे लागते. माझा हा लांब पल्ल्याचा दिवस रविवार होता.

महाराजपूरच्या पहाटेची थंडी बोचरी. चार वाजता मी दबकत उठावे, तर स्वयंपाकघरात दिवा लागलेला आणि शेगडीवर पाणी तापत ठेवलेले असे. ताई म्हणे, "अरे, कानाला मफलर बांध आधी." दार उघडून बाहेर पडलो की धुके इतके दाट, की समोरून येणारा गवळी दिसण्याआधी त्याच्या दुधाच्या हंड्यांचा खडखडाट ऐकू येई. पनागरच्या दिशेने धावत गेले की वाटेत परियट नदीचा पूल लागतो. परियट पुढे हिरनला मिळते आणि हिरन नर्मदेला. वाराणसीहून कन्याकुमारीला जाणारा जुना सात क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग हाच. या रस्त्याने पायी नर्मदेकडे निघालेल्या किती पिढ्या या धुक्यातून गेल्या असतील, असा विचार पावलांच्या तालावर मनात येई.

लांब पल्ल्याच्या दिवशी भाऊजी सायकलवरून माझ्या मागोमाग येत. पिशवीत पाणी, गुळाचे खडे आणि दोन केळी. वय साठीच्या घरातले, गुडघे कुरकुरणारे. पण तक्रार नाही. वाटेत ते मला गावाच्या कथा सांगत. राणी दुर्गावतीने राणीताल बांधविला, तिच्या दासीने चेरीताल, आणि तिचा दिवाण आधारसिंह याने आधारताल, असे तिकडे सांगतात. राणी १५६४ साली मोगल सैन्याशी लढताना जबलपूरजवळ धारातीर्थी पडली. तिच्या पराक्रमाचे पोवाडे कोणीही गाईल. परंतु या शहराने राणीबरोबर तिच्या दासीची आणि दिवाणाची आठवणही पाण्याकाठी जपून ठेवली, ही गोष्ट मला फार हृद्य वाटली. वाटली खरी, पण तिचा माझ्याशी काही संबंध आहे, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

ते आले रविवारी. अठ्ठावीस किलोमीटर धावून मी परतलो. अंगणात बसून बुटांचे बंद सोडीत होतो, किती वेळात किती पल्ला झाला याची हकिकत मोठ्या उत्साहाने सांगत होतो. ताईने पोह्यांची बशी पुढे ठेवली आणि सहज विचारले, "हिचा गाण्याचा वर्ग बंद झाला, तो पुन्हा कधी सुरू व्हायचा रे?"

मला काहीच ठाऊक नव्हते. माझी पत्नी लग्नाआधीपासून गाणे शिकते. वर्ग रविवारी सकाळी सात वाजता. आमची मुलगी सहा वर्षांची. तिला घरी एकटी ठेवता येत नाही, आणि त्या वेळी मी कोठेतरी रस्त्यावर किलोमीटर मोजीत असे. पाच महिन्यांपूर्वी तिने गुरुजींना 'घरी थोडी अडचण आहे' असे कळवून वर्ग थांबविला होता. ती अडचण म्हणजे मी होतो. आणि पाच महिन्यांत एकाही रविवारी मला असा प्रश्न पडला नव्हता की, ही आज घरी कशी?

दुपारी मी तिला विचारले, "मला सांगितले का नाहीस?"

ती म्हणाली, "सांगितले असते तर तुम्ही धावणे सोडले असते, नाहीतर माझे आभार मानले असते. मला दोन्ही नको होते. मला माझा रविवार हवा होता."

वाचकहो, आपल्या घरांतून आभार मानण्याची रीत नाही. आपल्याच माणसांचे कसले आभार, असे आपण म्हणतो. त्यात परकेपणा वाटतो. सभेतसुद्धा आभारप्रदर्शन शेवटी असते आणि तोवर निम्मे लोक चपला शोधीत असतात. ही रीत वाईट नाही. शब्दांवाचून समजून घेण्याची तीत ओढ आहे. पण समजून घ्यावयाचे तर आधी पाहावे लागते. मी पाहिलेच नव्हते.

१९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. तेथील अंतर नेहमीपेक्षा अधिक, पावणेत्रेचाळीस किलोमीटरांचे होते. ते त्यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरे केले आणि एकोणिसावा क्रमांक मिळविला. शर्यतीच्या नोंदवहीत नाव, वेळ आणि क्रमांक यांचे रकाने असतात. धावणाऱ्यासाठी पहाटे चूल कोणी पेटविली, याचा रकाना नसतो. तो ज्याचा त्याने मांडावयाचा असतो. आणि बारामतीच्या लता करे यांची गोष्ट तर आपल्याला ठाऊक असेलच. पतीच्या उपचारांना पैसा हवा म्हणून साठी उलटलेली ही बाई नऊवारीत, अनवाणी धावली आणि ज्येष्ठांची शर्यत जिंकली. तिच्या बाबतीत घर धावण्यासाठी नव्हते, धावणे घरासाठी होते. आपल्या हौशीच्या धावण्याला ती सर यावयाची नाही. पण आपण कोणाच्या वेळातून धावतो, एवढे तरी विचारता येते.

आम्ही त्याच संध्याकाळी कागद घेऊन बसलो. माझ्या कचेरीला शनिवारीही सुटी असते. लांब पल्ला शनिवारी गेला. रविवारची सकाळ, मुलगी आणि स्वयंपाकघर माझ्याकडे आले. धावण्याचे घामाचे कपडे मीच धुवावयाचे, असे ठरले. शनिवारी धावून आल्यावर दुपारभर झोपून राहण्याचा जो हक्क मी परस्पर घेतला होता, तो एका तासावर आला. आणि शर्यत झाल्यावर पुढची शर्यत दोघांनी मिळून ठरविल्यावाचून नाव नोंदवावयाचे नाही, हेही कागदावर लिहिले. घरात कोणी परीक्षेची, गाण्याची, डोंगर चढण्याची वा धावण्याची दीर्घ तयारी करीत असेल, तर असा कागद आरंभीच लिहावा, एवढेच मी आपल्याला सुचवीन. कामाची वाटणी, विश्रांतीचा वेळ आणि ही तयारी केव्हा संपणार ती तारीख, या तीन गोष्टी त्यात असाव्यात. पदक गळ्यात घालून 'हे तुमचेच' म्हणणे सोपे आहे. त्याने कोणाचा रविवार परत येत नाही.

जानेवारीत मी शर्यत पुरी केली. वेळ सांगण्याजोगी नाही. त्याआधीच पत्नीचा वर्ग सुरू झाला होता. पहिल्या रविवारी मी दूध उतू घालविले आणि मुलीची वेणी तिरपी घातली.

पण मला अधिक आठवते ती महाराजपूरची शेवटची पहाट. त्या दिवशी मी धावावयास गेलो नाही. साडेतीनला उठलो, ताईच्या आधी शेगडी पेटविली आणि चहा केला. चार वाजता ती सवयीने उठून आली, मला पाहून दारातच थबकली. मी पेला तिच्या हाती दिला. भाऊजींनाही हाक मारली. बाहेर धुक्यातून हंड्यांचा खडखडाट ऐकू येत होता. ताईने एक घोट घेतला, म्हणाली, "साखर कमी आहे," आणि सगळा चहा संपविला.